पाण्यात सोडलेलं ढेकूळ

काचेच्या दोन बरण्या, दोन्ही काठोकाठ पाण्याने भरलेल्या. प्रत्येकीच्या तोंडावर तारेच्या जाळीचा तुकडा, मधे जरा खोलगट वाकवलेला, म्हणजे वर ठेवलेली वस्तू पाण्यात बुडेल पण तळाशी जाणार नाही. आणि मातीची दोन ढेकळं, मुठीत मावतील एवढी, चार-पाच दिवस सावलीत वाळवलेली. एवढ्या सामानावर त्या दिवशीचा तास सुरू झाला.

मी पदवीच्या मुलांना पर्यावरणशास्त्र शिकवते. प्रयोगासाठी माती आणायला सांगितली तेव्हा बहुतेकांनी आवारातली नाहीतर कुंडीतली आणली. एका मुलीने मात्र घरच्या शेतातून दोन ढेकळं आणली होती, जुन्या कापडात वेगवेगळी बांधून. एक नांगरटीतलं. दुसरं त्याच शेताच्या बांधावरचं, जिथे वर्षानुवर्षं गवत आहे आणि नांगराचा फाळ कधी फिरलेला नाही. दोन्ही जागांमधलं अंतर वीसेक पावलांचं.

दोन्ही ढेकळं एकाच वेळी जाळीवर ठेवली. नांगरटीतल्या ढेकळातून लगेच बुडबुडे उठू लागले. मग त्याचा एक कोपरा सुटला, त्यामागून दुसरा, आणि पाहता पाहता ते साखर विरघळावी तसं खाली ओघळलं. मिनिटभरात जाळी रिकामी आणि बरणीतलं पाणी चहासारखं गढूळ. बांधावरच्या ढेकळातूनही थोडे बुडबुडे आले, पण ते जागचं हललं नाही. तास संपायला आला तरी ते तसंच बसून होतं आणि पाणी इतकं नितळ की बरणीमागे धरलेल्या हाताची बोटं मोजता यावीत.

मुलं बाकांवरून उठून टेबलाभोवती जमली. असं का झालं, हे सांगायला मला आवडतं. वाळलेल्या ढेकळाच्या पोकळ्यांमध्ये हवा असते. पाणी एकदम आत घुसलं की ती हवा कोंडते आणि ढेकूळ आतून फोडायला पाहते. मातीचे कण नुसतेच एकमेकांना टेकलेले असतील तर ते सुटतात. मुळांमधून पाझरणारे चिकट पदार्थ, बुरशीचे केसाहून बारीक धागे, जिवाणूंचा डिंक यांनी ते बांधलेले असतील तर धक्का सोसतात. म्हणजे जे पाहिलं ती त्या मातीत कोण कोण राहतं याची परीक्षा होती. चिमटीभर मातीत कोट्यवधी जीव असतात, हे वाक्य मुलांनी शाळेत पाठ केलेलं असतं. ते जीव नेमकं काय धरून ठेवतात, हे त्या दिवशी दिसलं.

मग वर्गातून आवाज येऊ लागले. “ही माती मेलीय.” “रासायनिक खतांमुळे होतं हे.” “शेतकऱ्यांमध्ये जागृती करायला हवी.”

ती मुलगी टेबलाच्या कडेला उभी होती. एरवी ती तासाला बोलत नाही. गढूळ बरणीकडे बघत म्हणाली, “ती आमची माती आहे.”

कोणी काही बोललं नाही. मग तीच पुढे म्हणाली, “आम्हाला दिसतं हे, मॅडम. पाऊस पडला की पाणी आत मुरत नाही, वरच्यावर वाहून जातं. नंतर वर कडक पापडी धरते, कोंब बाहेर यायला अडतात. सगळं दिसतं. पण एखादा हंगाम कमी पिकलं तर घरात काय होतं, ते या बरणीत दिसत नाही ना.”

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. तिचं ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही, आणि हा लेख त्यासाठीच लिहिते आहे.

दर वर्षी पहिल्या तासाला मी मुलांना एक पान लिहायला लावते. पर्यावरण म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? नाव घालायचं नाही, गुण नाहीत, जे येईल ते लिहायचं. ती पानं मी जपून ठेवली आहेत. त्यांत जंगल असतं, वाघ असतो, वितळणाऱ्या बर्फावरचं अस्वल असतं, प्लास्टिक असतं, कारखान्याचा धूर असतो. बरीच मुलं मनापासून लिहितात. काहींच्या अक्षरांत भीती कळते. एका मुलाने लिहिलं होतं, “मला म्हातारं व्हायचं आहे, पण तेव्हा जग कसं असेल याचा विचार आला की झोप लागत नाही.” शेत मात्र या पानांत क्वचित सापडतं. सापडलंच तर दोन रूपांत: एक तर विषाची फवारणी, नाहीतर हिरवंगार चित्र. शेत ही माणसांची कामाची जागा आहे, तिथे रोज हिशेब करावे लागतात, हे जवळजवळ कुणीच लिहीत नाही. ज्यांच्या घरी शेती आहे ती मुलंही लिहीत नाहीत.

यात मुलांचा दोष नाही. आपण त्यांना तसं शिकवलं. पुस्तकात संवर्धनाचा धडा एकीकडे आणि शेतीचा दुसरीकडे. एका धड्यात निसर्ग वाचवायचा, दुसऱ्यात उत्पादन वाढवायचं. वास्तवात जगातल्या वस्तीयोग्य जमिनीपैकी जवळपास निम्मी जमीन पिकांखाली आणि चराईखाली आहे. नद्या, तलाव आणि जमिनीखालून माणूस जेवढं गोडं पाणी उपसतो, त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला लागतं. अन्न पिकवण्यापासून ते ताटात येण्यापर्यंतचा सगळा प्रवास धरला तर माणसाच्या हरितगृह वायूंपैकी साधारण एक तृतीयांश त्यातून येतात. ज्या पर्यावरणात शेत नाही ते मग कुठलं पर्यावरण?

शेतीघरची मुलं वर्गात गप्प का बसतात, हे मला उशिरा कळलं. त्यांना उत्तर येत नसतं असं नाही. वर्गात जे उत्तर बरोबर धरलं जातं त्यात त्यांचे आई-वडील चुकीचे ठरतात. अशा वेळी कोण हात वर करील?

त्या तासानंतर मी शिकवायची रीत बदलली. संवर्धनाची गोष्ट सांगताना तिच्यातलं शेत शोधून काढायचं असं ठरवलं, आणि ते दर वेळी सापडत गेलं.

गिधाडांचंच घ्या. १९९० च्या दशकात दक्षिण आशियातली गिधाडं भराभर मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटली. मुलांना कारण विचारलं की ती म्हणतात शिकार, जंगलतोड, विजेच्या तारा, एखादी साथ. संशोधकांनाही आधी साथीचाच संशय होता. मेलेल्या पक्ष्यांची शवविच्छेदनं झाली तेव्हा मूत्रपिंडं निकामी झालेली दिसली, अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर. शेवटी २००४ मध्ये कारण प्रसिद्ध झालं: डायक्लोफिनॅक. दुखणाऱ्या गुराला आराम पडावा म्हणून दिलं जाणारं स्वस्त औषध. ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की औषध त्यांच्या पोटात जायचं.

इथे मी नेहमी थांबते आणि विचारते, यात चूक कुणाची? ज्याने आपल्या आजारी जनावराला औषध दिलं त्याची? वर्ग शांत होतो. ही शांतता मला फार मोलाची वाटते. कारण एरवी पर्यावरणाच्या तासाला गुन्हेगार लगेच सापडतो. २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तान यांनी जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. पण बंदी शक्य झाली ती मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारं औषध हाताशी होतं म्हणून. गुरांचं दुखणं तसंच ठेवून गिधाडं वाचवा, असं कुणी गुरंवाल्याला सांगितलं असतं तर त्याने का ऐकावं?

दुसरी गोष्ट मी झाडं लावायला निघालेल्या मुलांसाठी राखून ठेवते. दर वर्षी एक गट उत्साहाने येतो, मोकळं माळरान बघून ठेवलेलं असतं, तिथे रोपं लावायची असतात. त्यांचा उत्साह मला मोडवत नाही. मी एवढंच विचारते, तिथे आत्ता काय आहे? “काही नाही मॅडम, नुसतं गवत.”

नुसतं गवत म्हणजे काय, हे अमेरिकेतल्या ग्रेट प्लेन्स या विस्तीर्ण मैदानी प्रदेशातले लोक फार मोठी किंमत मोजून शिकले. तिथलं गवत माणसाच्या उंचीहून खोल मुळं सोडून उभं होतं. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, ट्रॅक्टर आले आणि लाखो एकर गवताळ जमीन नांगराखाली गेली. मग भाव कोसळले आणि १९३० च्या दशकात पाऊसही रुसला. माती धरून ठेवणारं खाली काहीच उरलं नव्हतं. १४ एप्रिल १९३५ चा रविवार तिथे ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो. धुळीच्या भिंतीने भर दिवसा अंधार केला. लाखो माणसं घरदार सोडून निघून गेली. मृदासंवर्धनासाठी आयुष्य वेचलेले ह्यू हॅमंड बेनेट त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये खासदारांच्या समितीपुढे बोलत होते, आणि मैदानांवरून उडालेली धूळ त्या शहरापर्यंत येऊन पोहोचली. पंधरवड्याच्या आत, २७ एप्रिलला, मृदासंवर्धनाचा कायदा झाला.

गोष्ट सांगून झाली की मी त्या गटाला माळावर पाठवते. रोपं न नेता. एक वही आणि दोरीचा एक चौकोन घेऊन. चौकोनात किती प्रकारचं गवत आहे, किती किडे, कुणाची अंडी, ते मोजून या. गेल्या वर्षी जो मुलगा “नुसतं गवत” म्हणाला होता तो संध्याकाळी परत आला तेव्हा त्याच्या वहीची चार पानं भरलेली होती आणि पॅन्टला कुसळं चिकटलेली. रोपं त्यांनी नंतर लावली, रस्त्याच्या कडेला, जिथे सावलीची गरज होती.

खतांचा विषय सगळ्यांत अवघड. मुलांना तो सर्वांत सोपा वाटतो. रासायनिक खतं बंद करा, सेंद्रिय शेती करा. एका ओळीत प्रश्न सुटला. मलाही त्यांच्या वयात असंच वाटायचं. नायट्रोजनच्या खतांनी जे नुकसान केलं ते खरं आहे. भूजलात नायट्रेट उतरलं, नद्यांमधून समुद्रात गेलं, तिथे शेवाळ माजून पाण्यातला ऑक्सिजन संपला आणि मासे गुदमरले. मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात असा मृत पट्टा तयार होतो. पण हेही तितकंच खरं आहे की फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची वाट काढली, कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये ती कारखान्यात उतरवली, आणि आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या अन्नामागे त्याच पद्धतीने बनलेलं खत आहे. माझ्या वर्गात साठ मुलं बसतात. हा आकडा सांगताना मला मधोमध एक रेघ दिसते आणि तिच्या एका बाजूला तीस मुलं.

श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकदम बंदी घातली. तयारीला वेळ नाही, पुरेसं सेंद्रिय खत नाही. भाताचं आणि चहाचं उत्पादन घसरलं, भात आयात करावा लागला, शेतकरी रस्त्यावर आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण त्या घाईचा पहिला फटका ज्यांना बसला ते शेतात होते.

मग काय, जसं चाललंय तसं चालू द्यायचं? बरणीतलं गढूळ पाणी पाहिल्यावर तसं म्हणता येत नाही.

इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथे ब्रॉडबॉक नावाचं एक शेत आहे. जॉन बेनेट लॉझ आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये तिथे गव्हाचा प्रयोग सुरू केला आणि तो आजही चालू आहे. एका पट्टीला तेव्हापासून काहीच खत घातलेलं नाही. तिच्यात हेक्टरी सुमारे एक टन गहू येतो, दीड शतकाहून जास्त काळ. दुसऱ्या पट्टीला रासायनिक खत. तिसरीला दर वर्षी शेणखत. दीर्घकाळ पाहिलं तर रासायनिक खताच्या आणि शेणखताच्या पट्टीतला उतारा जवळपास सारखा पडत आला. म्हणजे धान्य मोजून कळणारच नाही की खाली जमिनीत काय चाललंय. माती तपासली की मात्र शेणखताच्या पट्टीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या शेणापाल्यातून मातीत राहिलेला कार्बन, दुसरीच्या दुपटीहून जास्त.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलं खूश झाली. पाहा, शेणखतच बरं! त्या मुलीने विचारलं, “किती घालतात?”

दर वर्षी हेक्टरी ३५ टन.

तिने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. आपल्या घरची जनावरं, दिवसाला किती शेण, वर्षाचं किती, कुजून किती उरतं. मग पेन खाली ठेवलं. “एवढं कुठून आणायचं मॅडम? आणि आणलंच, तर ज्यांच्याकडून आणलं त्यांच्या शेतात काय घालायचं?” शेतीशास्त्रातली मोठमोठी माणसं ज्या प्रश्नाशी आजही झटापट करतात, तो तिने पेन खाली ठेवता ठेवता विचारला होता.

मुलांचा पर्यावरणाकडे बघण्याचा दृष्टिकोन काय, असं कुणी मला विचारलं तर मला आता दोन वेगळी घड्याळं दिसतात. एक घड्याळ घाईचं. ऑगस्ट २०१८ मध्ये पंधरा वर्षांची ग्रेटा थनबर्ग शाळा सोडून स्वीडनच्या संसदेबाहेर एकटी बसली, आणि पुढच्या वर्षी जगभर लाखो विद्यार्थी रस्त्यावर उतरले. आमच्याकडे वेळ नाही, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ज्यांनी हवा बिघडवली त्यांनी पुढची सत्तर वर्षं तीत राहायचं नाही. या मुलांनी राहायचं आहे. त्यांच्या रागाला मी कधी उथळ म्हणत नाही, आणि कुणी म्हटलं तर मला राग येतो.

दुसरं घड्याळ मातीचं. डार्विन यांनी १८४२ मध्ये आपल्या घराजवळच्या कुरणात खडूच्या दगडाचे तुकडे पसरले आणि वाट पाहिली. १८७१ मध्ये तिथे चर खणला. एकोणतीस वर्षांत ते पांढरे तुकडे सात इंच खाली गेले होते. गांडुळांनी खालची माती कणाकणाने वर आणून त्यांच्यावर अंथरली होती. गांडुळांवरचं त्यांचं पहिलं टिपण १८३७ सालचं, आणि त्यांच्यावरचं पुस्तक १८८१ चं. मधली चव्वेचाळीस वर्षं तो प्रश्न त्यांनी जवळ ठेवला होता. आमचं सत्र चार-साडेचार महिन्यांचं. सत्रात प्रकल्प सुरू होतो, सत्रात संपतो, अहवालात निष्कर्ष लिहिलाच पाहिजे. मातीला हे वेळापत्रक कळत नाही.

शेतीघरची मुलं ही दोन्ही घड्याळं एकाच वेळी ऐकत असतात. पाऊस लांबला की घाई त्यांच्याच घरात येते. आणि वाफसा, म्हणजे मातीत काम करण्याजोगी ओल, आल्याशिवाय शेतात पाऊल घालायचं नाही, हेही त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं.

त्या सत्रात तिने स्वतःहून प्रकल्प मागितला. वडिलांशी बोलून शेताची एक अरुंद पट्टी मिळवली. वडिलांनी सांगितलं होतं, “वाया गेली तरी सोसेल एवढीच घे.” या वाक्यावर मी वर्गात पंधरा मिनिटं बोलले. नवा प्रयोग करायचा तर आधी काय सोसेल ते मोजावं लागतं, आणि तो माणूस ते बरोबर मोजत होता.

पट्टीत तिने नांगरट केली नाही. आधीच्या पिकाचे अवशेष न जाळता तिथेच पसरले. दोन पिकांच्या मधल्या काळात जमीन उघडी राहू नये म्हणून हिरवळीचं पीक घेतलं. आणि पांढऱ्या सुती कापडाचे सहा चौकोन पुरले, तीन पट्टीत, तीन नेहमीच्या शेतात, वीतभर खोल. सुती कापड म्हणजे निव्वळ सेल्युलोज, मातीतल्या जिवाणूंचं आणि बुरशीचं खाद्य. माती जितकी जागी, तितकं कापड लवकर संपतं. साठ दिवसांनी तिने ते उकरून काढले आणि वर्गात आणले. शेतातले तीन चौकोन मळकट झाले होते, एकदोन ठिकाणी विरले होते, पण घडी घालण्याजोगे होते. पट्टीतल्या तिघांपैकी एक शेतातल्यासारखाच. दुसऱ्याला चाळणीसारखी भोकं. तिसऱ्याची नुसती कड उरली होती. कडेची शिलाई पॉलिस्टरच्या दोऱ्याची होती, ती मातीला खाता आली नाही. तिने तो रिकामा चौकोन बोटांच्या चिमटीत वर धरला तेव्हा त्यातून पलीकडची खिडकी दिसत होती.

पण पट्टीत त्या हंगामात पीक कमी आलं. तण जास्त झालं, खुरपणीला जास्त दिवस लागले, आणि उतारा बाकीच्या शेतापेक्षा बराच खाली. गटातल्या दोघातिघांचं म्हणणं होतं की हा आकडा अहवालात नको. कापडाचं एवढं छान आलंय, त्याला कशाला गालबोट. ती म्हणाली, “मी तो आकडा काढला तर बाबांनी सोसलेलं खोटं ठरेल.” अहवालात आकडा राहिला, पहिल्याच पानावर.

त्यावरून वर्गात जी चर्चा झाली ती मी अनेक वर्षांत ऐकली नव्हती. जो तोटा आला तो कुणी भरायचा? पाणी मुरलं तर खालच्या सगळ्यांच्या विहिरींना फायदा, कर्ब मातीत राहिला तर साऱ्या जगाला. तोटा मात्र एका घराला. मी त्यांना सांगितलं की हा प्रश्न आधीही विचारला गेला आहे. अमेरिकेत १९८५ पासून एक योजना आहे, त्यात धूप होणारी जमीन पिकाखालून काढून तिच्यावर गवत-झाडं ठेवणाऱ्या शेतकऱ्याला सरकार दहा ते पंधरा वर्षांच्या कराराने दर वर्षी भाडं देतं. कोस्टारिकात १९९७ पासून जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना पैसे मिळतात, आणि त्यातला मोठा वाटा इंधनावरच्या करातून येतो. म्हणजे गाडी चालवणारा झाड राखणाऱ्याला देतो. या योजनांत त्रुटी आहेत. पण निदान पैसे कुणी द्यायचे हा प्रश्न तिथे टेबलावर मांडलेला आहे. आपण मुलांना संवर्धनाच्या घोषणा शिकवतो, त्या संवर्धनाचं बिल कुणाच्या नावावर फाटतं हे सांगत नाही. माझी सगळी तळमळ या एका गोष्टीसाठी आहे.

शहरातल्या एका मुलाने यावर स्वतःचा मार्ग शोधला. आपल्याकडे शेत नाही, मग आपण काय करायचं, असं विचारून तो थांबला नाही. वसतिगृहाच्या खानावळीत त्याने एक बादली आणि वजनकाटा ठेवला आणि आठवडाभर ताटातलं उरलेलं अन्न मोजलं. रोजचा आकडा फळ्यावर लिहायचा, कुणालाही काही बोलायचं नाही. २०२२ मध्ये जगात दुकानं, खानावळी आणि घरं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घरांतून. हा आकडा त्याने शेवटच्या दिवशी लिहिला, आणि त्याच्या खाली, “यासाठी नांगरलेली जमीन: ?” प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं. पुसणाऱ्याने बाकी फळा पुसला, ते राहू दिलं.

या वर्षी ती मुलगी पुढच्या वर्गात गेली, माझ्या तासाला ती आता नाही. गेल्या महिन्यात दारात उभी राहिली, हातात जुन्या कापडाची तीच पुरचुंडी. पट्टी अजून आहे, म्हणाली. रुंद केली नाही, पण बाबांनी मोडलीही नाही. पीक यंदाही थोडं कमीच आहे, मागच्या वेळेएवढं नाही. “एकदा टाकून बघायचं का?”

नवीन मुलं बाकांवर होती, त्यांना आधीचं काही ठाऊक नव्हतं. बरणी भरली, जाळी वाकवली. तिने ढेकूळ दोन्ही हातांनी ठेवलं आणि पाणी त्याच्यावरून गेलं. बुडबुडे आले. अर्ध्या मिनिटाने एक कोपरा सुटला आणि तळाशी गेला, तिने ओठ घट्ट मिटले. मग काही झालं नाही. एक मिनिट झालं. एका मुलाने मोबाइलवर वेळ लावली होती, तो पुटपुटत सेकंद मोजत होता, आणि मागच्या बाकावरची मुलं दिसावं म्हणून उभी राहिली. दोन मिनिटांवर आणखी थोडी माती सुटली. चौथ्या मिनिटाला जाळीवर अर्ध्याहून जास्त ढेकूळ होतं आणि पाणी धुरकट झालं होतं, पण पलीकडची तिची बोटं अजून दिसत होती.